सालीचं कातडं

सखारामने चामड्याचे दोन्ही तुकडे मैनाच्या मांडीवर आलटूनपालटून ठेवून पाहिले.

हातखंब्याच्या तिठ्यावरच्या त्याच्या दुकानात चार वर्षांची मैना बाकड्यावर पाय सोडून बसली होती. उजवा पाय झुलत होता. डावा नुसता लोंबत होता. पोलिओच्या तापानंतर तो तसाच होता. त्या पायात घालायचा लोखंडी कॅलिपर शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला. त्याचा मांडीवरचा कापडी पट्टा काचून काचून पोरीला जखम झाली होती. म्हणून नवा, चामड्याचा करून घ्यायचा होता.

"हे बघा, वयनी," सखाराम मैनाच्या आईला, कुंदाला म्हणाला, "हे क्रोमचं. कारखान्यात, औषधात कमावलेलं. बायकांच्या पर्सा, बुटाची वरची बाजू, सगळं ह्याचं. आणि हे सालीचं. बाभळीची साल नि हिरडा, त्यात भिजत पडून पिकलेलं. चपलेचे तळ, बैलाच्या गळ्यातले पट्टे ह्याचे."

मैनाने क्रोमचा तुकडा उचलून गालाला लावला. "मांजरासारखं!"

"झालं तर मग," तिची आजी येसूबाई म्हणाल्या. "हेच घे. बैलाचं कातडं पोरीला कशाला गो?"

"आजी, जावयाचे बूट शिवायचेत की नातीचा पट्टा? नुसतं मऊ बघून चालत नाय." सखाराम हसला. "पयलं मला सांगा, वापरायचा किती दिवस? त्यावर हाय सगळं."

"शिमग्यापर्यंत," येसूबाई ताबडतोब म्हणाल्या. "पालखी दारात आली की ही तिच्यापुढं चालायची. देवीला बोलून बसल्येय मी. तेव्हा पट्टाबिट्टा काय नाय."

कुंदा रस्त्याकडे बघू लागली. मिरजेच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिला इंग्रजीत सांगितलं होतं. त्यातलं सासूबाईंना तिने मराठीत एवढंच सांगितलं, की सहा महिन्यांनी परत बोलावलंय. येसूबाईंनी बोटांवर महिने मोजले आणि त्या शिमग्याशी येऊन थांबल्या. कुंदाने त्यांना तिथंच थांबू दिलं.

"शिमग्यापर्यंतच असेल तर क्रोमचं बरं," सखाराम म्हणाला. "पयल्या दिवसापासून मऊ. पण सैल पडत जातं. अंगाचा आकार म्हणून धरत नाय."

"आणि सालीचं?" कुंदाने विचारलं.

"ते आधी रडवील. रोज तेल पाजायचं, काचलं तर खाली फडकं घालायचं. पण घामानं, अंगाच्या उबेनं एकदा मांडीचा आकार धरलान, की मग सोडत नाय. वर्सानुवर्सं चालेल. दोरा उसवेल, कातडं नाय."

"मग ते आपल्याला काय करायचंय?" येसूबाई म्हणाल्या. "कापायला घे तू ते मऊ."

सखारामने कातडं कापायची रापी हातात घेतली आणि कुंदाकडे पाहिलं.

"सालीचं घ्या," कुंदा म्हणाली.

त्याने तो जाड तुकडा मैनाच्या मांडीभोवती गुंडाळून माप धरलं. तिचं तोंड वाकडं झालं. "आई, टोचतं! मला मांजराचं पायजे."

कुंदाने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तोंडून मांजराचंच निघालं असतं.

"अगो, कालेजात हेच शिकवलंनी काय तुला?" येसूबाईंचा आवाज चढला. "चार दिवसांच्या गोष्टीसाठी पोरीला रडवायचं? आई आहेस की कोण?"

"आई..." कुंदा सासूबाईंना म्हणाली. पुढचं तिला जमेना.

"काय आई?"

बाहेर एसटी थांबली, माणसं उतरली, एसटी गेली. येसूबाई अजून सुनेच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सखारामने मान खाली घालून पट्टा कापला. कडा तासल्या, बकल शिवलं. मग भोकांसाठी खुणा करायला घेतल्या. "हे आत्ताचं माप. आणि बाहेरच्या अंगाला, टोकाकडे, चार भोकं जास्तीची पाडतो. पोराचं अंग हाय, भरत जाणार. पट्टा पुरला पायजे."

"तिकडे नको," कुंदा म्हणाली. "आतल्या अंगाला पाडा."

सखारामला वाटलं तिला कळलं नाही. "वयनी, उलटं होईल ते. आतली भोकं पट्टा आवळायला लागतात. पोर वाढणार की रोडावणार?"

कुंदा कॅलिपरची लोखंडी दांडी मुठीत धरून उभी होती. ती कधी उचलली ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

येसूबाईंनी मैनाचा फ्रॉक जरासा वर सारला. डाव्या गुडघ्याच्या वर त्यांनी हाताचा विळखा घातला. अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकले. तोच विळखा उजव्या पायाला घातला. टेकले नाहीत. हात पुन्हा डाव्या पायावर आला आणि तिथंच राहिला.

"ती सांगत्ये तसं पाड," त्या सखारामला म्हणाल्या.

सखारामने पट्टा लाकडी ठोकळ्यावर ठेवला. पहिला ठोका पडला तशी मैना दचकली आणि मग खिदळली. दुसऱ्याला तिने टाळी वाजवली.

"अजून एक!" ती म्हणाली. "मामा, अजून एक पाडा नं!"