पहिली कॉर्ड

"पोर्शन राहिलाय, आजचा संगीताचा तास मला द्या," म्हणत गणिताच्या सरांनी वर्षभर माझे तास गिळले. विचारायला यायचे तेच मुळी हातात खडू घेऊन. मुलं बिचारी युकुलेले, म्हणजे त्या चार तारांच्या छोट्या गिटारी, खाली ठेवायची आणि वह्या काढायची.

शेवटी मी गोड हसून सरांच्याच लेकीला एक युकुलेले सरावासाठी घरी नेऊ दिलं.

पंधरवड्यात सर मधल्या सुट्टीत डोळे चोळत संगीताच्या वर्गात हजर. "बाई, सकाळ-संध्याकाळ तेच एक टँव टँव! डोकं उठलंय घरात सगळ्यांचं. पोरीला दुसरी कॉर्ड तरी शिकवा हो!"

"शिकवते की. पण तास कुठाय?"

सरांनी हातातला खडू खिशात घातला. "आजचा घ्या तुम्ही," म्हणाले आणि निघून गेले.

कपाटाआड लपलेली लेक युकुलेले घेऊन बाहेर आली. "बाई, मग आज घरी अख्खं गाणं वाजवू? मधल्या सुट्टीत शिकवलंत ते?"

"अजिबात नाही. एकच तास परत आलाय. बाबांनी वर्षभराचे गिळलेत. तू आपली तीच कॉर्ड वाजव, आणि जरा जोरात."