कोरडा हात

सून लाकडी काडीने डाव्या हातावर क्रीम पसरत होती. बोटांनी लावायची सोय नव्हती. लावायचं तर उजव्या हाताच्याच बोटांनी, आणि उजव्या हाताला क्रीमचा थेंबही लागू द्यायचा नाही, असा दुकानाचा नियम होता.

नियम सासूबाईंचा. फोटोंवर हल्ली कोणी विश्वास ठेवत नाही, एकाच बाईचे दोन हात शेजारी शेजारी दिसले की ठेवतात, हे त्यांच्या डोक्यातून निघालं होतं आणि खरंही ठरलं होतं. डावा हात मऊ, तुकतुकीत. उजवा भांडी घासायच्या साबणाने दिवसातून अनेकदा धुतलेला, भेगाळलेला, सांध्यांवर लाल. आज सकाळी त्याची बोटं मिटेनात, तेव्हा नणंदेने तिच्या कुर्त्याची बटणं लावून दिली होती. शेवटच्या बटणाशी नणंदेचे डोळे भरून आले होते.

"आजचा दिवस कळ काढ," नवरा काउंटर पुसता पुसता म्हणाला. "एवढं गिऱ्हाईक पटलं की तुझा हात मोकळा. बाबांनी शब्द दिलाय."

सासऱ्यांनी मान डोलावली. मागच्या खोलीत ते स्वतः क्रीम घोटायचे. माणूस वाईट नव्हता. त्या घरात वाईट कोणीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. कोणी अंगावर ओरडलं असतं, तर तिला निदान चिडता आलं असतं. इथे सगळे तिला जपायचे, तिच्यासाठी खुर्ची सरकवायचे आणि साबणाची वाटी भरून ठेवायचे.

गिऱ्हाईक म्हणजे एका मोठ्या कंपनीच्या सगळ्या दुकानांसाठी माल निवडणाऱ्या बाई. आल्या आल्या त्यांनी बरणी नाकाशी धरली.

"यात भांग आहे म्हणे. लावून झोप नाही ना लागायची?"

"झाड भांगेच्याच कुळातलं, पण नशेचा भाग काढून टाकलेला," सुनेला सगळं तोंडपाठ होतं. "बियांचं तेल कातडीतला ओलावा धरून ठेवतं. त्याच झाडातले कॅनाबिनॉइड नावाचे घटक खाज आणि लाली शांत करायला मदत करतात. कातडीची त्यासाठी स्वतःची सोय असतेच, हे तिच्या जोडीला. बाकी कोरफड, ओट आणि कॅलेंड्युलाची फुलं."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. असतं तर बरं, असं तिला कधी कधी वाटायचं. क्रीम कुचकामी निघालं असतं तर ते न मिळाल्याचं दुःख तरी झालं नसतं. पण ते कसं थंडावतं, रोज किती सुखाने आत मुरतं, हे तिचा एक हात दुसऱ्याला सांगत असायचा.

तिने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. बाईंनी चष्मा चढवला.

"दोन्ही तुमचेच?"

"हो."

बाईंनी उजव्याला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. मग डावा बराच वेळ कुरवाळला. "ठरलं," त्या म्हणाल्या. "माल घेते. पण माल एकटा नको. आमच्या दुकानात असे दोन हात रोज बसलेले हवेत. याच हव्यात असं नाही, घरातलं कोणीही चालेल."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने वडिलांकडे. सासरे शब्दाचे पक्के.

"सुनेला मी मोकळं करायचं कबूल केलंय," ते म्हणाले. "आता लेक बसेल."

सासूबाईंनी लेकीचा उजवा हात उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला. गोरा, नाजूक हात. नणंद नाही म्हणाली नाही. नाही म्हणायची त्या घरात पद्धतच नव्हती.

"चालेल मला," ती हळूच म्हणाली. "वहिनी सुटू दे एकदाची."

"अगं, पण तयार व्हायला किती दिवस लागतील?" सासूबाईंनी सुनेला विचारलं. "तुझा कधी फुटायला लागला होता?"

सगळे सुनेकडे पाहू लागले. उत्तर सोपं होतं. हात असा व्हायला फार दिवस लागत नाहीत. तेवढं सांगितलं असतं तर ती आजच बरणीत उजव्या हाताची दोन बोटं बुडवू शकली असती.

"हिचा नाही व्हायचा असा," ती म्हणाली. "साबणाने नुसता पांढरा पडेल. माझी कातडीच मुळात तशी आहे, आई. आमच्या घरात सगळ्यांचीच. माझ्या आईचेही हात असेच होते."

तिच्या आईचे हात कसे होते, हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. मऊ होते.

सासऱ्यांनी सुस्कारा सोडला. आपण शब्द मोडला नाही, तिनेच तो परत केला, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नवरा खाली बघून पुसलेला काउंटर पुन्हा पुसू लागला. नणंदेने आपला हात सोडवून घेतला आणि ती वहिनीकडे बघतच राहिली.

"म्हणजे हिच्याच हाताला गुण म्हणायचा," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

सगळे हसले. नणंद हसत नव्हती, म्हणून सून जरा जास्तच हसली, तीही हसेपर्यंत.