समोरच्या खोलीतल्या फटी

हेनारेने उदबत्ती पेटवून खिडकीच्या चौकटीशी धरली. धूर सरळ वर गेला. म्हणजे इथली फट बुजली होती. तो पुढच्या खिडकीकडे सरकला.

ब्लफ गावातलं त्यांचं लाकडी घर अगदी समुद्राच्या तोंडावर होतं. आई म्हणायची, "वारा आपला भाडेकरू आहे मेला, भाडं तेवढं देत नाही." हेनारे हसायचा आणि येत्या रविवारी फटी बुजवतो म्हणायचा. असे कितीतरी रविवार आले नि गेले. मग आईची छाती भरली. तिला हॉस्पिटलात ठेवलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "घर कोरडं आणि उबदार झाल्याशिवाय मी यांना घरी सोडणार नाही." हेनारेला लाज वाटली, चांगलीच वाटली.

तेव्हापासून तो हात धुऊन घराच्या मागे लागला होता. जमिनीखाली ओल अडवायला प्लास्टिक अंथरलं. वापरात नसलेलं धुराडं बंद केलं. दारांना खालून रबरी पट्ट्या ठोकल्या. घर बंद केलं की आतली वाफ भिंतींवर बसते, म्हणून न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारे पंखे बसवले. राहिली होती ती फक्त समोरची खोली.

सकाळी हॉस्पिटलातून हुहाना मावशीचा फोन आला होता. "दुपारी घरी आणतोय रे तिला. समोरची खोली मोकळी कर."

"बरं," तो म्हणाला होता.

त्याने सोफा बाहेर काढला, भिंतींच्या कडेने गाद्या घातल्या. गोतावळा जमणार होता, सगळे इथेच झोपणार होते. मग त्याने पुन्हा फटी बुजवायच्या पट्टीचं भेंडोळं हातात घेतलं. हात आपोआप चालत होते. मनात काहीच हलत नव्हतं.

शेजारचा कॉलिन बटाट्यांचं पोतं घेऊन दारात आला. "इतक्या माणसांना लागतील," म्हणाला. मग खिडक्यांकडे बघून, "मुंगीला शिरायला जागा ठेवली नाहीस की लेका!"

"आईला गारठा सोसत नाही."

कॉलिनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पोतं स्वयंपाकघरात ठेवून तो निघून गेला.

शेवटच्या खिडकीशीही धूर सरळ वर गेला. हेनारेने हीटर लावला. थोड्या वेळाने त्याने अंगातला स्वेटर काढला. या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. त्याला क्षणभर बरं वाटलं, मग पुन्हा काहीच वाटेना.

बाहेर गाड्या थांबल्या. मावशी आधी आत आली. तिने भिंतीवरून हात फिरवला. "किती ऊब आहे रे! किती राबलास!" त्यांच्या रीतीप्रमाणे त्याच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवून ती बराच वेळ उभी राहिली. मग तिने जाऊन हीटर बंद केला.

"मावशी, तिला थंडी वाजेल."

"खिडक्या उघड, बाळा," मावशी हळूच म्हणाली. "माती तीन दिवसांनी द्यायची आहे. तोवर आपल्या रीतीप्रमाणे ती इथेच असेल, ही खोली गारच ठेवावी लागेल."