उघडे खड्डे

"माग काढणाऱ्या कुत्र्याचे पाय फाटले. आता नाही चालवत मी त्याला," शेरिफचा माणूस म्हणाला.

व्हर्ल हॅस्केटने कानामागे हात धरला. "काय?"

"कुत्रा! पाय कापलेत त्याचे!" तो पोरगेला हवालदार ओरडला. ट्रेंट त्याचं नाव.

व्हर्लने मान हलवली. कापणारच. या डोंगरावरची जमीन म्हणजे ज्वालामुखीची फुटकी काच. बहुतेक काळी. नशीब जोरावर असेल तर थुंकी लावून उन्हात धरलेल्या एखाद्या तुकड्यात हिरवे-जांभळे पट्टे उमटतात. जमीन सरकारी, येईल त्याने खणावं. व्हर्ल आणि त्याची बायको आर्डिस लग्न झाल्यापासून दर वसंतात इथे तंबू ठोकत आले होते.

आज आर्डिस बेपत्ता होऊन तिसरा दिवस होता.

"भांडण कशावरून झालं, पुन्हा सांगा," ट्रेंट म्हणाला.

"किती वेळा सांगू? मी म्हटलं, बाई, ही शेवटची खेप. गुडघे गेले, कान गेले. ट्रक विकू आणि बेंडला मुलीकडे राहायला जाऊ. ती म्हणाली, चांगला रंगीत दगड मिळाल्याशिवाय मी इथून हलायची नाही. मी म्हटलं, जन्मभर नाही मिळाला, तो आता काय मिळतोय! झालं, भडकली. 'तुझ्यासारख्या रडक्याबरोबर राहण्यापेक्षा हायवेवर उभी राहते, कुणीही नेईल मला,' म्हणाली. पिशवी उचलली आणि गेली तरातरा."

"मग नेलं असेल कुणीतरी. पिशवी घेऊन गेल्या म्हणजे विचार पक्काच होता. राग उतरला की फोन करतील."

"तिचा राग चहा होईपर्यंतसुद्धा टिकत नाही रे."

ट्रेंटने हायवेच्या दोन्ही बाजूंना माणसं पाठवली होती. पेट्रोलपंपावर विचारलं होतं, ट्रकवाल्यांना फोटो दाखवले होते. कुणीच तिला पाहिलं नव्हतं.

"आणि इथले खड्डे?"

"उघडे होते तेवढे सगळे पाहिले. वाकून वाकून हाका मारल्या. तिने ओ दिली असेल तरी मला ऐकू आली का, देव जाणे." व्हर्लने समोरच्या एका उघड्या खड्ड्याकडे बोट केलं. "लोक खणतात, रंग लागला नाही की तसेच टाकून जातात. लाज नाही. गाई पडतात, माणसांचे पाय मोडतात. मी बुजवायला लागलो की आर्डिस हसायची. 'सरकार पगार देतं का रे तुला, म्हाताऱ्या?' म्हणायची."

एवढं बोलून तो ट्रकच्या पायरीवर बसला आणि हुंदके देत रडायला लागला. ट्रेंटने थर्मासमधली कॉफी ओतून पुढे केली. ती तशीच निवून गेली.

"शोध आज थांबवतोय आम्ही," शेवटी तो मोठ्याने म्हणाला. "घरी जा. तिथेच येतील त्या."

गाडी निघून गेली. व्हर्लला घरी जाववेना आणि इथे बसवेना. तिची खुर्ची, तिची टोपी, तिचा अर्धा खाल्लेला बिस्किटांचा पुडा. मी तिला भांडून घालवली, हेच त्याच्या डोक्यात घण घातल्यासारखं चाललं होतं. पुन्हा एकदा दिसली असती तर जन्मभर इथेच राहू म्हणाला असता.

दुपारी धुरळा उडवत एक जुनी व्हॅन आली. विल्मा रास्क. परवापर्यंत शेजारीच तिचा तंबू होता. टायर फाटला म्हणून बर्न्स गावाला गेली होती, ती आत्ता परतत होती.

"काय रे, तोंड का पाडलंयस? तुझी राणी कुठंय? दाखव की तिचा दगड!"

"सोडून गेली मला, विल्मा. हायवेवरून."

"काय?"

"भांडलो आम्ही. कुणाच्या तरी गाडीत बसून गेली."

"हॅट! कसली जाते आर्डिस!" विल्मा त्याच्या कानाशी येऊन हसली. "त्याच दिवशी निघताना भेटले ना मी तिला. पिशवीत छिन्नी-हातोडी, आणि बाई खणतायत! वाकड्या जुनिपरच्या झाडाखाली, त्या पोर्टलंडच्या पोरांनी सोडलेल्या खड्ड्यात. मला आधी दिसलीच नाही, नुसता ठकठक आवाज. बघते तर तळाशी आडवं कोरत कोरत अख्खी आत शिरलेली. म्हटलं, अगं, छप्पर येईल डोक्यावर. तर म्हणते, 'व्हर्लला सांगू नकोस, आडवं खणलं की खेकसतो.' रंग लागला होता रे तिला! हिरवा, जांभळा, सोनेरी! म्हणाली, 'हा अख्खा निघू दे, म्हाताऱ्याच्या हातात ठेवते, मग खुशाल चल म्हणते बेंडला.'"

व्हर्ल उठला. ट्रकला टेकवलेल्या फावड्याकडे बघत राहिला.

"अरे, झालं काय? चल, बघू तरी तो खड्डा," विल्मा म्हणाली.

भांडणाच्या त्या संध्याकाळी, डोक्यातली आग जरा शांत करायला, व्हर्लने धूळ जाऊ नये म्हणून कानातलं ऐकण्याचं यंत्र काढून खिशात टाकलं होतं, फावडं उचललं होतं आणि वाकड्या जुनिपरखालचा खड्डा कडा ढासळवून, वरून पायांनी चांगला दाबून बुजवला होता.