फाटकापाशी

मृण्मयीला मागणी घालायला मी फिनलंडहून मिरजेला आलो होतो. तिच्या बाबांनी आमच्याकडची थंडी विचारली, आग्रहाने दोनदा पोहे वाढले; लग्नाचा विषय मात्र निघालाच नाही. शेवटी खट्टू होऊन मी उठलो.

आमच्याकडे निरोप घेतला की दार बंद. इथे मी बूट घालेपर्यंत तिच्या आईने माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, पायरी उतरताना तेल सुचवलं. बाबा तर फाटकाची कडी धरून उभेच! इतका मायेचा निरोप मला कुणी कधी दिला नव्हता.

"तुझी पत्रिका नसेलच," बाबा सहज म्हणाले. "मग मुहूर्त मृण्मयीच्याच पत्रिकेवरून काढू ना?"

मी आनंदाने पायरीकडे धावलो, बूट काढू लागलो.

"अरे, आत कशाला?" कडी न सोडता बाबा म्हणाले. "निवांत इथंच बोलू की!"