पंखे फिरतात, पडदा काळा

तिसऱ्यांदा कॉम्प्युटरचं बटण दाबलं तेव्हाही पंखे फिरले, निळा दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला.

जागृतीने घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं. दोन वाजता तिची मुलाखत होती. लडाखमधल्या एका दुर्बिणीवर तीन वर्षांची नेमणूक. शेवटच्या नऊ जणांत तिचं नाव आलं होतं. दिलेल्या नोंदींवर आकडेमोड करून दाखवायची, समितीला तिचा पडदा दिसला पाहिजे, मोबाईल चालणार नाही, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. तिचे सगळे प्रोग्रॅम या एकाच पेटीत होते. धानोऱ्यात दुसरी अशी पेटी नव्हती.

"आधी मॉनिटर तपास," बाबा म्हणाले.

उमाकांत मास्तरांनी गावच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी एकेक भाग सुरतेहून मागवून बापलेकीने हा कॉम्प्युटर याच टेबलावर जोडला होता. आता ते टॉर्च घेऊन तिच्या शेजारी उभे होते.

मॉनिटर टीव्हीच्या डब्याला जोडला. चित्र आलं. केबल बदलली. काळा. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांची सोनेरी टोकं खोडरबराने घासली, आधी एक बसवली, मग दुसरी. काळा. बोर्डावरची बटणासारखी बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत बसवली. काळा. ती प्रत्येक गोष्ट वहीत लिहीत होती आणि खोडत होती. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

"सप्लायच्या वायरी राहिल्या," ती म्हणाली.

"त्या मी बघितल्या. सगळ्या घट्ट आहेत. तू रॅम परत एकदा बघ."

तिने वहीतली तीही ओळ खोडली.

"उणे वीस असतं म्हणे तिकडे," बाबा सहज म्हणाले. "नंदुरबारच्या कॉलेजात जागा निघणार आहे, ऐकलंस का?"

"बाबा, टॉर्च जरा खाली."

टॉर्च खाली आला आणि तिला ते दिसलं. बोर्डाच्या कडेला लालसर ओघळ. तिने बोट लावून पाहिलं. कुंकू.

तिचं डोकं तडकलं.

"फुई!"

फुलवंताबाई, बाबांची मोठी बहीण, ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. "काय व्हयनं?"

"काल पूजेत यावर पाणी शिंपडलंस?"

"मंग? दसराले ट्रॅक्टरले शिंपडं, शिलाई मशीनले शिंपडं, तुना डब्बानी काय पाप करं? तूच म्हने ना, हाई मन्हं हत्यार शे."

"वर जाळी आहे त्याला! पाणी सरळ आत जातं! एवढंही कळत नाही तुला?"

"माले काय कळस? मी काय सायन्स शिकनू? आनि लडाखले जाईसन काय करनार शे तू? बरफमां नवरा गाडेल शे का तठे?"

एरवी जागृती हसली असती. पण आज मुलाखतीला तास उरला होता.

"नवऱ्याचं तू बोलू नकोस. तुझ्या नवऱ्याने तुला आठ महिन्यांत इथे आणून टाकलं, पुन्हा वळून पाहिलं नाही. तेव्हापासून या घरातून कोणी बाहेर पडलेलं तुला बघवत नाही. मुद्दाम ओतलंस तू!"

ओसरीवरचा कटकट आवाज थांबला. फुईने मान वर केली. तिने जागृतीकडे पाहिलं नाही. भावाकडे पाहिलं, बराच वेळ. मग पुन्हा एक मिरची उचलली.

"हा," ती म्हणाली. "मन्ही चुकी शे. पानी जास्तीच पडनं."

"जाऊ दे, बेटा," बाबा म्हणाले. "अडाणी आहे ती. मी नंदुरबारला जाऊन कोणी मेकॅनिक मिळतो का बघतो. दसऱ्याचा दुसरा दिवस, दुकानं उघडी असतील तर नशीब. तोवर तू हात लावू नकोस. आत ओल असली तर बोर्ड जळेल."

त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोटरसायकल काढली.

एक वाजून बावीस मिनिटं. जागृती उघड्या पेटीसमोर बसून राहिली. दारात चाहूल लागली. फुईने तिखटाचे हात दोनदा धुतले होते, पदराला कोरडे केले होते. ती आत आली आणि तिने दाराला कडी घातली.

"आता काय आणखी? कुंकू राहिलं?"

फुईने मोठ्या पंख्यामागे, वरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात हात घातला, चाचपडली आणि एक वायर ओढून पुढे आणली. टोकाला चार भोकांचा काळा प्लग होता. तो कशातच बसवलेला नव्हता.

जागृतीने वायर ओळखली. प्रोसेसरची वीज. ती नसली की पंखे फिरतात, दिवा लागतो आणि बाकी काही होत नाही.

तिने प्लग जागेवर दाबला. टक् झालं. तिने बटण दाबलं. पडदा उजळला, त्यावर पांढरी अक्षरं धावू लागली.

"फुई, तुला कसं..."

"सकाये तू न्हावाले गई, तवय उमानी, तुना बापनी, काढं. मी दारमांच व्हतू." फुईने कडी काढली आणि ओसरीकडे वळली. "तो घर ऊना का त्याले सांगजो, पानी सुकनं, म्हनीसन चालू व्हयनं."