एका वाक्याची मेहनत

"हळू! पाठ आहे माझी, फरशी नाही," सिस्टर खेकसल्या.

टेलरबाईंनी हात हलका केला. फडकं कोमट पाण्यात पिळून जखमेच्या कडेकडेने पुसून घेतलं, पावडर लावली. मग सिस्टरना कुशीवर वळवून खालची चादर ताणली. सुरकुती राहिली की कातडी सोलवटते, हे सिस्टरनीच शिकवलं होतं. चौतीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई. अंथरुणाला खिळली, तरी हुकूम सोडायचं विसरली नव्हती.

"कोपरा असा दुमडतात? कापड कापण्यात जन्म गेला, आणि साधी चादर घालता येईना."

"उद्या नीट घालीन."

"उद्या मी असले तर ना!"

टेलरबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. असं रोज व्हायचं. निघताना दारापाशी थांबायच्या, मागे वळून बघायच्या, आणि तशाच चपला घालून चालू लागायच्या.

अकरा महिने हे चाललं होतं. दुकान उघडण्याआधी दोन तास, ना पगार ना चहा. सिस्टरची सून आधी बिचकली होती. "नात्याची ना गोत्याची, ही बाई आमच्याकडे शोधते तरी काय?" मग तिला सकाळची झोप मिळायला लागली आणि तिचं तोंड बंद झालं. झोपेपुढे भल्याभल्यांच्या शंका टिकत नाहीत.

चर्चच्या मंडळीतल्या बायकांचं तोंड मात्र बंद होईना. "मोठं काहीतरी पाप असणार. तेच फेडतेय." सगळे प्रभूची प्रार्थना म्हणतात तेव्हा ही मधली क्षमेची ओळ गाळते, हेही त्यांनी हेरलं होतं. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचे असतात, हे कोणी कोणाला सांगावं!

रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी टेलरबाईंना गाठलं. तरुण माणूस, बोलायचा सुरेख. कोणाची पाठ धुवायची वेळ अजून आली नव्हती त्याच्यावर.

"बाई, पापातून तारण कष्टांनी मिळत नाही. ते कृपेने मिळतं. इतकं झिजून काय मिळवायचंय तुम्हाला?"

"मिळवायला नाही जात मी, पाळकसाहेब."

"मग?"

"सिस्टरना एक वाक्य सांगायचंय. नुसतं तोंडाने कधीच म्हटलं असतं. पण मनातून आल्याशिवाय म्हणायचं नाही, असं ठरवलंय. हात वळला की मनही वळेल, म्हणून जाते."

"अहो, ते देवाकडे मागा ना."

"मागते की. रोज मागते. मागून झालं की पाणी तापवायला ठेवते."

पाळकसाहेबांनी आवाज खाली आणला. "क्षमा मागायला फार उशीर करू नका. त्यांच्या हाती फार दिवस नाहीत."

टेलरबाईंनी पिशवी उचलली. "तीच धास्ती आहे," म्हणाल्या, आणि निघाल्या.

बुधवारी सून दारातच उभी होती. "ताई, डॉक्टर येऊन गेले. आजचा दिवस निघेल असं वाटत नाही म्हणाले."

टेलरबाईंनी तरी पाणी तापवलं. पाठ पुसली, पाय पुसले. मग सिस्टरचा उजवा हात घेतला आणि एकेक बोट पुसत बसल्या. आज ओरडा नव्हता. खोलीत नुसता श्वास ऐकू येत होता, तोही अडखळत.

सिस्टरनी डोळे उघडले.

"टेलरबाई, खरं सांगा. एवढं का करता माझं? मी कोण तुमची?"

टेलरबाई जवळ सरकल्या. हात सोडला नाही.

"बावीस वर्षांपूर्वी, लहान मुलांच्या वॉर्डात, दुसऱ्या पेशंटचं इंजेक्शन तुम्ही एका पाच वर्षांच्या पोरीला टोचलंत. ती माझी होती. सिस्टर, मी तुम्हाला क्षमा केली."